चौथ्या कागदावर सही नको

पत्र :

ताई, नमस्कार. मी यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहे, बायको विड्या वळते. विडी घरकुलात राहतो. मुलगी बी.कॉम. झाली, आता गट-क परीक्षेची तयारी करते. आमच्या गल्लीत पाणी पाच दिवसांआड येतं, तेही रात्री दोनला, जेमतेम पाऊण तास. गेल्या महिन्यात गल्लीतल्या चाळीस-पन्नास बायका-पोरींनी महापालिकेच्या झोन ऑफिससमोर रिकाम्या घागरी घेऊन ठिय्या मांडला. दोन माठ फोडले, घोषणा दिल्या. दगड नाही, धक्काबुक्की नाही. पोलिसांकडे अर्ज दिला होता, पण परवानगी आली नव्हती. मुलगी पुढे होती. तिनं व्हिडिओ काढून टाकला. त्यात अधिकारी झोपलेत म्हणाली, आणि चावीवाला पैसे घेऊन पलीकडच्या गल्लीला जास्त पाणी सोडतो, असंही म्हणाली.

घरात तीन कागद आलेत. आंदोलनाच्या आदल्या दिवशी १६८ ची नोटीस, नंतर २२३ आणि ३७-१३५ चा गुन्हा, आणि परवा एसीपी ऑफिसची चॅप्टर केसची नोटीस. ओळखीचे एक हवालदार म्हणतात, 'एक हमीपत्र लिहून द्या. चूक झाली, व्हिडिओ काढला, पुन्हा कुठल्याच आंदोलनात जाणार नाही. प्रकरण थंड होईल.' मुलगी सही करायला तयार नाही. चार दिवस मी तिच्याशी बोललो नाही. नोकरी हुकली तर लग्नही जमायचं नाही. शेजारी म्हणतात, आता जनसुरक्षा कायदा लागणार. आम्ही गरीब माणसं, सरकारशी कुठं लढणार? तिला सही करायला लावू का?

– एक बाप, सोलापूर

उत्तर :

दादा,

लावू नका. बाकीचं सावकाश वाचा, पण एवढं आधी सांगून ठेवते, कारण तो चौथा कागद, म्हणजे हवालदारांचं हमीपत्र, कदाचित तुमच्या खिशातच असेल.

मी हे कुठल्या तोंडानं सांगते, तेही ऐका. तीसेक वर्षांपूर्वी मी नवी वकील होते. एका विडी कामगार बाईवर असाच गुन्हा पडला होता, मोर्चात पुढे बसली म्हणून. मी तिला म्हटलं, 'मावशी, द्या लिहून, विषय संपतो.' तिनं अंगठा दिला. विषय संपला, माझी एक तारीख वाचली, मलाही बरं वाटलं. दोन वर्षांनी तिच्या कारखान्यात विड्या खराब म्हणून बाजूला काढायला लागले आणि त्यांचे पैसे कापायला लागले. बाकीच्या बायका जाब विचारायला गेल्या, ही घरात बसून राहिली. बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, 'वकीलबाई, मी तर लिहून दिलंय की ओ.' त्या कागदाला कायद्यात कवडीची किंमत नव्हती. एव्हाना तो रद्दीतही गेला असेल. तिच्या डोक्यातून मात्र गेला नाही, आणि तिथं तो मी घातला होता.

म्हणून आता मी असा कागद कुणाला देऊ देत नाही.

तुमच्याकडचे तीन कागद एकेक करून हातात घ्या. तिन्ही मिळून एक मोठं संकट वाटतं, पण प्रत्येकाची ताकद वेगळी आहे.

पहिला, १६८ चा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं हे कलम. गुन्हा घडू नये म्हणून पोलीस आधी सावध करतात, एवढाच त्याचा अर्थ. जुन्या कायद्यात हीच १४९ ची नोटीस होती, सोलापुरातल्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या घरी तिचा गठ्ठा असतो. ती मिळाली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं होत नाही. जपून ठेवा आणि पुढे चला.

दुसरा कागद, गुन्ह्याचा. २२३ म्हणजे भारतीय न्याय संहितेतलं, सरकारी अधिकाऱ्याचा आदेश मोडल्याचं कलम, आधीचं १८८. साध्या प्रकरणात जास्तीत जास्त सहा महिने साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोणाच्या जीवाला धोका झाला असेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन माठ फोडण्यात जीव माठाचाच गेला. गुन्हा जामीनपात्र आहे. शिवाय एक गोष्ट वकिलाला मुद्दाम विचारा. या कलमाखाली कोर्टाला दखल घ्यायची असेल तर ज्या अधिकाऱ्याचा आदेश मोडला त्याची, किंवा त्याच्या वरिष्ठाची, लेखी तक्रार कोर्टापुढे लागते. नागरिक सुरक्षा संहितेच्या २१५ मध्ये तसं स्पष्ट आहे. नुसतं पोलिसांचं दोषारोपपत्र पुरत नाही. बरीच प्रकरणं याच खड्ड्यात अडकतात.

आता ३७, जमावबंदीच्या आदेशाचं कलम, आणि तो मोडल्याच्या शिक्षेचं १३५. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. आपल्याकडे पोलीस आयुक्तालय असल्यामुळे शहरात हा आदेश आयुक्त काढतात. पेपरात कोपऱ्यात छोटी बातमी येते, 'शहरात जमावबंदी', आणि आपण ती वाचून पान उलटतो. हा आदेश पंधरा दिवसांपुरता असतो, त्यापुढे न्यायचा तर राज्य सरकारची मंजुरी लागते. पण होतं काय, पंधरा दिवस संपले की नवा आदेश, ते संपले की आणखी एक. वर्षभर शहर जमावबंदीतच असतं आणि आपल्याला पत्ता नसतो. गणपतीची वर्गणी गोळा करणारी पोरंही तांत्रिकदृष्ट्या जमावच की. पकडतात मात्र घागरवाल्यांना.

मुलीच्या वकिलाला सांगा, त्या तारखेच्या आदेशाची प्रत मागा. कारणं काय दिलीत ती बघा. २०२० च्या फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर अगदी असंच प्रकरण आलं होतं. बीड जिल्ह्यातल्या माजलगावात नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध लोकांना बेमुदत धरणं धरायचं होतं. बीडच्या अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या ३७ च्या आदेशावर बोट ठेवून परवानगी नाकारली. कोर्टानं तो आदेशच रद्द केला आणि म्हटलं, एका कायद्याला विरोध करतात एवढ्यावरून या लोकांना देशद्रोही किंवा गद्दार म्हणता येणार नाही. त्याच वर्षी जानेवारीत काश्मीरच्या इंटरनेटबंदीच्या निकालात सुप्रीम कोर्टानं जुन्या फौजदारी संहितेतल्या जमावबंदीच्या कलम १४४ बद्दल बजावलं होतं की लोकांचं रास्त मत दाबायला हे कलम वापरता येत नाही, आणि तेच तेच आदेश पुन्हा पुन्हा काढणं हा अधिकाराचा गैरवापर आहे. तो निकाल १४४ वरचा आहे, ३७ वरचा नाही. पण वकिलाला त्याचा आधार घेता येतो.

एक मात्र खरं, आणि ते मुलीलाही ऐकवा. परवानगी आली नसताना बसलात, ही दुबळी बाजू आहे. संविधानाचं कलम १९ शांततेनं, विनाशस्त्र जमण्याचा हक्क देतं. त्यातच सुव्यवस्थेसाठी वाजवी बंधनं घालायची मुभाही आहे. दिल्लीतल्या शाहीन बाग धरण्याच्या निकालात सुप्रीम कोर्टानं सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही असं सांगितलं. तुम्ही लिहिलेलं नाही, पण ठिय्यानं रस्ता अडला होता का आणि किती वेळ, हे मुलीकडून नीट काढून घ्या. अर्जाची पोचपावती सापडली तर सोन्याहून पिवळं. शिक्के नसलेल्या अर्जाची मला भारी चीड आहे. पुढच्या वेळी दोन प्रती न्यायच्या आणि एकीवर शिक्का मारून घ्यायचा.

तिसरा कागद, चॅप्टर केस. तुम्हाला सगळ्यात कमी भीती याची वाटतेय असं पत्रावरून दिसतं, आणि खरं तर याच्याकडेच सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं. नागरिक सुरक्षा संहितेच्या १२६ खाली एसीपी, म्हणजे सहायक पोलीस आयुक्त, कार्यकारी दंडाधिकारी म्हणून बसतात आणि विचारतात, 'तुमच्याकडून शांतता राखण्याचं बंधपत्र का घेऊ नये?' हा प्रश्न आहे, निकाल नाही. उत्तर लेखी द्यायचं : आंदोलन शांततेत झालं, कोणी जखमी नाही, मुलीवर आधीचा एकही गुन्हा नाही, पुढे शांतता बिघडेल असं मानायला कारण काय ते सांगा. तारीख चुकवायची नाही. बंधपत्राचा आदेश झाला आणि ते दिलं नाही तर आत टाकायची सोय कायद्यात आहे, तेव्हा जामीनदार सोबत ठेवा. बंधपत्र द्यायची वेळ आलीच तरी घाबरू नका. ते जास्तीत जास्त वर्षाचं, आणि त्यात 'शांतता राखीन' एवढंच असतं. शांतता तर तिनं राखलीच होती.

आता तो चौथा कागद. 'पुन्हा कुठल्याच आंदोलनात जाणार नाही' हे वाक्य कुठल्या कलमात बसतं, हे त्या हवालदारांना विचारा. ते विचार करत राहतील. माणूस वाईट नाही, तुमचं भलंच बघत असतील, पण असं वाक्य लिहून घ्यायचा अधिकार कोर्टालाही सहज मिळत नाही. ओडिशातल्या एका राजकीय कार्यकर्त्याला जामीन देताना तिथल्या उच्च न्यायालयानं राजकारणात भाग घ्यायचा नाही अशी अट घातली होती. मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती काढून टाकली. आणि 'माझी चूक झाली' हे सहीनिशी लिहून दिलेलं उद्या त्याच गुन्ह्याच्या फाइलीत तिच्याविरुद्ध लावलं, तर? हा विचार हमीपत्र सुचवणाऱ्याला सुचत नाही.

व्हिडिओचं मात्र मी तुमच्या मुलीची बाजू पूर्ण घेणार नाही.

'अधिकारी झोपलेत' हे ठेवा. त्याला कोणी हात लावू नये. १९९४ सालचा सुप्रीम कोर्टाचा राजगोपाल निकाल आहे, सरकार किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेला आपली बदनामी झाली म्हणून नुकसानभरपाईचा दावा करता येत नाही. नगरपालिकेला अब्रू नसते असा याचा अर्थ नव्हे, पण तिच्या कारभारावर बोलणाऱ्याला तिनं कोर्टात खेचायचं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या प्राध्यापकांनी ३७० कलम हटवल्याच्या दिवसाला व्हॉट्सॲप स्टेटसवर काळा दिवस म्हटलं, त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो रद्द केला. नुसता रद्द केला नाही, तर भाषणस्वातंत्र्य म्हणजे काय हे आपल्या पोलीस यंत्रणेला शिकवायची वेळ आली आहे असंही म्हटलं. काश्मीरवर बोलायला मुभा आहे आणि घरकुलातल्या नळावर बोलायला नाही, असं तर होणार नाही ना?

पण चावीवाल्याचं वाक्य वेगळं आहे. तो खात्यातला साधा माणूस, पाचशे घरांच्या शिव्या खाणारा, आणि तुमच्या मुलीनं तो लाच घेतो असं जगाला सांगितलं. तिच्याकडे पुरावा आहे का? कोणी पैसे देताना पाहिलं? असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे तक्रार करा. नसेल तर तेवढं वाक्य काढायचं, आणि 'ही गोष्ट मला ऐकीव माहिती होती, ती मी मागे घेते' असं स्वतःच्या शब्दांत लिहायचं. पोलिसांनी सांगितलं म्हणून नाही. त्या माणसालाही घरी पोरं असतील आणि ती व्हिडिओ बघत असतील. सरकारवर कितीही कडक बोला, पण नाव असलेल्या माणसावर बोलताना आधी तपासून बोला, एवढं तुम्ही तिला सांगू शकता. या विषयावर तिनं ऐकलं नाही तर माझं नाव सांगा.

जनसुरक्षा कायद्याची भीती सोडा. ते विधेयक जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, त्यातल्या व्याख्या सैल आहेत अशी टीका झाली आणि मलाही ती पटते. पण सरकारनं तो बेकायदेशीर संघटनांसाठी आहे म्हणून आणला. तुमच्या गल्लीतल्या बायकांची संघटना म्हणजे भिशी. तिथं कायद्याचं नाव घेऊन घाबरवणारा शेजारी बहुतेक आंदोलनाला आला नसणार.

नोकरीचं बोलू. तुमची खरी धास्ती ही आहे, मला कळतं.

गुन्हा दाखल झाला म्हणून सरकारी नोकरीचं दार बंद होत नाही. बंद कशानं होतं, तर लपवल्यानं. पडताळणीच्या फॉर्ममध्ये 'आपल्यावर गुन्हा दाखल आहे का' असा रकाना असतो. तिथं पोरं घाबरून 'नाही' लिहितात आणि मग खरा घोटाळा होतो. २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टानं याचे नियम घालून दिले. त्यात किरकोळ गुन्ह्याचं उदाहरण देताना न्यायमूर्तींनी काय घेतलं असेल? तरुण वयात घोषणा देणं. अशा बाबतीत उमेदवारानं लपवलं असलं तरीही नेमणूक करणाऱ्याला ते सोडून देता येतं, असं कोर्ट म्हणतं. मग जी पोरगी सरळ लिहिते, तिचं पारडं किती जड? पोलीस भरतीत जास्त कडक असतात, ते वेगळं. गट-कच्या कारकुनी पदासाठी घागर मोर्चा आड येईल असं मला वाटत नाही. खटला निकाली निघाला की निकालाची प्रमाणित प्रत काढून ठेवा. आणि आंदोलनांतले, जीवितहानी नसलेले खटले मागे घ्यायचे शासन निर्णय राज्यात वेळोवेळी निघतात. मागे घ्यायला कोर्टाची संमती लागते, पण अर्ज करायला वकील लागलाच तर तो फुकट मिळतो.

हो, फुकट. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथं बाईला, मिळकत कितीही असो, मोफत वकील मिळायचा कायदा आहे, १९८७ चा. मुलीनं स्वतः अर्ज करायचा. तुम्ही पैसे उसने काढायला निघाला असाल तर थांबा. शिवाय, कोणी रात्री दारात येऊन 'चौकशीला चला' म्हणालं तर लक्षात ठेवा, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करायला महिला अधिकारी आणि आधी घेतलेली दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, तीही अपवाद म्हणूनच.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, 'आम्ही गरीब माणसं, सरकारशी कुठं लढणार.' दादा, हे वाक्य सोलापुरातून आलेलं मला सहन होत नाही. ६ एप्रिल १९३० ला आपल्या नगरपालिकेवर अण्णासाहेब भोपटकरांनी तिरंगा चढवला, इंग्रजाच्या राज्यात. पुढच्या महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर गिरणी कामगार रस्त्यावर उतरले, ८ मे ला पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली, आणि मग गर्दीनंही चौकी जाळली, पोलीस मारले गेले. त्यावरून लष्करी कायदा आला आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर चढवलं. आपण दरवर्षी पुतळ्यांना हार घालतो. मी तिथं गेले की माझ्या मनात चौकीच येते. गोळीबाराचा जाब विचारायचा राहिला आणि सरकारला दाखवायला जळलेली चौकी मिळाली. म्हणूनच तुमच्या गल्लीतल्या बायकांनी एकही दगड उचलला नाही, हे मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं. तेच वाक्य उत्तराच्या अर्जात वर यायला हवं.

आणि अलीकडचं बघा. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, नंतर रे नगर आलं. १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान येऊन तिथल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या देऊन गेले. या घरांसाठी लढलेल्या माकपच्या आडम मास्तरांचं राजकारण तुम्हाला पटो न पटो (मला सगळं पटत नाही), पण ती घरं कोणी आपणहून दिली का? विडीवाल्या बायकांनी किती मोर्चे काढले त्याची मोजदाद त्यांनाही नसेल. त्यातल्या एकेकीनं तुमच्या हवालदारांचं हमीपत्र भरून दिलं असतं तर कुंभारीला आज नुसतं माळरान असतं.

तुमच्या मुलीशी आज बोला. चार दिवस गप्प राहिलात. शिक्षा अजून कोणत्याच कोर्टानं दिलेली नाही, घरात मात्र सुरू झाली. चावीवाल्याच्या वाक्याचं तिला पटवा, बाकी तिचं ऐकून घ्या. तिच्या आईला विचारलंत का? विड्या वळता वळता या सगळ्यावर तिचं काय मत झालंय ते पत्रात कुठंच नाही. घागर तर बहुधा तिचीच होती.

आता तारखेचं. नोटिशीवर वेळ अकराची असेल, आत तीनला बोलावतील. डबा न्या. तिन्ही कागदांच्या झेरॉक्स, आधार कार्ड, जामीनदाराची कागदपत्रं आणि लेखी उत्तराच्या दोन प्रती घ्या, एकीवर शिक्का. साहेब रागावून बोलले तर मुलीनं उलट बोलायचं नाही, वकिलानं बोलायचं. तुम्ही मागच्या बाकावर बसा, पण बसा. आणि तो दिवस पाणी यायचा असेल तर घरी कोणालातरी ठेवून जा.